पहिल्या रिपोर्टला उत्तर कोण देतं?

२०२४ च्या मार्चमध्ये पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरण्याच्या सुरक्षित मार्गाने, लॉगिन करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त जातोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. धागा पकडून मागे जात ते ‘एक्सझेड’पर्यंत पोहोचले. फायली दाबून लहान करणारं हे साधन लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळपास प्रत्येक वितरणात, म्हणजे बांधून दिलेल्या संचात, असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरवाट बसवून ठेवली होती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळा तपशील जाहीर केला आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी लगोलग त्या आवृत्त्या मागे घेतल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका माणसाच्या चौकस नजरेची म्हणून सांगितली जाते. नजर चौकस होतीच. पण ते डेबियन या लिनक्स वितरणाची ‘अनस्टेबल’ शाखा चालवत होते, म्हणजे सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत अजून न पोहोचलेलं सॉफ्टवेअर रोजच्या कामात वापरत होते, हा भाग सांगताना गळून जातो. आपल्याला खटकलेलं कुठे सांगायचं हे त्यांना माहीत होतं, आणि सांगितल्यावर ते वाचून हालचाल करणारी माणसं तिथे हजर होती. हे दोन्ही नसतं तर तो अर्धा सेकंद ‘आज मशीन जरा सुस्त आहे’ म्हणून विसरला गेला असता.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरसाठी चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांचा समुदाय कसा वाढवायचा, या प्रश्नाकडे मला इथूनच बघावंसं वाटतं. प्रकल्पांची आवाहनं मी बरीच वर्षं वाचतो आहे. ‘आम्हाला टेस्टर हवेत, बीटा वापरा, बग कळवा.’ आवाहन सुटतं, आठवडाभर उत्साह असतो, महिन्याभरात शांतता. मग प्रकल्पातली मंडळी हळहळतात की लोकांना फुकट वापरायला हवं, मदत करायला नको. हा आरोप मला मान्य नाही. माणसं येतात. आल्यावर त्यांचं काय होतं, हे बघायला हवं.

सोर्स कोड सगळ्यांना खुला असला की भरपूर नजरा पडतात आणि चुका आपोआप उघड्या पडतात, अशी एक जुनी श्रद्धा या क्षेत्रात आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१२ च्या मार्चमध्ये आलेल्या आवृत्तीत शिरला आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा हिस्सा त्या कोडवर चालत होता, तरी दोन वर्षं गेली. टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या ‘बॅश’ या प्रोग्राममधला ‘शेलशॉक’ तर १९८९ पासून होता आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर आला. पंचवीस वर्षं कोड उघडा, वापरणारे लाखो. वापरणाऱ्यांची संख्या आणि तपासणाऱ्यांची संख्या यांचा एकमेकींशी संबंध आहे हे आपण गृहीत धरतो, आणि गृहीत धरल्यामुळेच तपासणाऱ्यांसाठी वेगळं काही करत नाही.

वापरकर्ता आणि टेस्टर यांच्यात फरक पडतो तो एका छोट्या क्षणी. काहीतरी बिघडतं. बहुतेक जण प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतात आणि कामाला लागतात. एखादाच थांबतो, काय झालं ते लिहून काढतो आणि कळवतो. त्या माणसाने अर्धा-पाऊण तास आपल्या खिशातून घातलेला असतो. पुढच्या वेळी तो पुन्हा थांबेल की नाही, हे त्या पहिल्या रिपोर्टचं काय झालं त्यावर ठरतं.

माझंच सांगतो. मी पहिला बग कळवला तेव्हा मला प्रोग्रामिंगचा गंध नव्हता. एका मुक्त प्रोग्राममध्ये लांबलचक दस्तऐवज सेव्ह करून पुन्हा उघडला की काही तळटीपा गायब व्हायच्या. मी तीनदा करून पाहिलं, पायऱ्या लिहिल्या, फाइल जोडली, आवृत्तीचा क्रमांक दिला. चौदा महिने कुणी काही बोललं नाही. पंधराव्या महिन्यात एक यांत्रिक संदेश आला: बऱ्याच काळात हालचाल नसल्यामुळे हा रिपोर्ट बंद करण्यात येत आहे. हालचाल करायची होती ती कुणी? मी तर माझं काम केलं होतं. त्यानंतर दोन वर्षं मी कुठेही काहीही कळवलं नाही.

पुढे एका वेगळ्याच प्रकल्पात, बऱ्याच संकोचाने, पुन्हा एक रिपोर्ट टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर होतं. कुणा डेव्हलपरचं नव्हे, माझ्यासारख्याच एका स्वयंसेवकाचं: ‘तुमची फाइल उघडून पाहिली, माझ्याकडेही तेच होतंय. आधीच्या आवृत्तीत होत होतं का, बघता येईल?’ दोन ओळी. मी त्याच रात्री जुनी आवृत्ती उतरवून घेतली आणि तपासलं. तो दोष दुरुस्त व्हायला पुढे सात-आठ महिने लागले, पण मी तोवर तिथेच रमलो होतो. दुरुस्तीला वेळ लागला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझं म्हणणं कुणीतरी करून पाहिलं होतं, एवढं पुरलं.

म्हणून माझा मुद्दा असा आहे: टेस्टर गोळा करण्याआधी प्रकल्पाने उत्तर देण्याची ताकद गोळा करावी. रिपोर्ट घेण्याची क्षमता नसताना आवाहन करणं हे आवाहन न करण्यापेक्षा वाईट. आवाहनाने रिपोर्टचा ढीग वाढतो, ढिगातले बहुतेक अनुत्तरित राहतात, आणि तो ढीग सगळ्यांना दिसत असतो. नवा माणूस कळवण्याआधी शोध घेतो, तेव्हा त्याला आपल्यासारखाच दोष सांगणारा तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडतो, खाली पाच जणांचं ‘मलाही’, आणि प्रकल्पाकडून एक शब्द नाही. तो काय समजायचं ते समजतो आणि परत फिरतो. एक हाडाचा टेस्टर आपण गमावला आणि त्याची कुठेही नोंद झाली नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, स्वतःच बिनपगारी, थकलेले असतात. दिवसभर नोकरी करून रात्री कोड बघणाऱ्या एकट्या माणसाने प्रत्येक रिपोर्टला उत्तर द्यावं, अशी अपेक्षा क्रूर आहे. एक्सझेडच्या प्रकरणात तर हा थकवाच हत्यार म्हणून वापरला गेला. एकहाती प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरवर अनोळखी नावांनी ‘कामं तुंबली आहेत, कुणाला तरी सोबत घ्या’ असा दबाव आणला गेला आणि त्या दबावाच्या आडून घुसखोराने विश्वास मिळवला. तेव्हा उत्तर देण्याचं काम मेंटेनरच्या डोक्यावर टाकणं हा उपाय असूच शकत नाही.

पण उत्तर मेंटेनरनेच द्यावं असं कुठे आहे? मला ज्याने उत्तर दिलं तो कोडची एक ओळही लिहीत नव्हता. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नवा रिपोर्ट आला की तो ‘अनकन्फर्म्ड’ म्हणून पडतो. दुसऱ्या कुणीतरी तो आपल्या मशीनवर करून पाहायचा, तसंच घडलं तर स्थिती बदलायची, माहिती अपुरी असेल तर विचारायची. हे काम कोण करतं? बरेचसे स्वयंसेवकच. यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही. चिकाटी लागते, आणि समोरच्याशी नीट बोलता यायला लागतं.

नव्या टेस्टरला पहिलं काम म्हणून हेच द्यावं, असं मी आग्रहाने म्हणेन. ‘जा आणि बग शोधा’ हे काम नवख्यासाठी अवघड असतं. काय शोधायचं, कुठे, सापडलेलं आधीच माहीत असेल तर काय, काहीच समजत नाही. त्याऐवजी त्याला दहा अनुत्तरित रिपोर्ट द्यावेत आणि सांगावं, हे करून बघ आणि काय दिसलं ते खाली लिही. दहा रिपोर्ट हाताळताना त्याला आपसूक उमगतं की चांगला रिपोर्ट कसा असतो. ‘चालत नाही’ एवढंच लिहिणाऱ्याचा राग येतो. पायऱ्या, अपेक्षा, प्रत्यक्षात घडलेलं आणि आवृत्ती देणाऱ्याबद्दल कृतज्ञता वाटते. यापुढे तो स्वतः कळवेल तेव्हा शिकवायची गरज उरत नाही. आणि त्याच दहा रिपोर्टांच्या दुसऱ्या टोकाला दहा माणसं आहेत, ज्यांना आज कुणीतरी माणूस म्हणून उत्तर दिलं. त्यातली दोन थांबली आणि उद्या त्यांनीही दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासले, तर समुदाय वाढतोय असं म्हणता येईल. समुदाय याहून वेगळ्या कुठल्या रीतीने वाढलेला मी तरी पाहिलेला नाही.

डेव्हलपरांनी इथे करण्यासारखं आहे ते हत्यारांच्या बाबतीत. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज मोडली, तर मधल्या हजार बदलांपैकी नेमकी कुणामुळे, हा प्रश्न असतो. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’मधल्या ‘बायसेक्ट’ची युक्ती सोपी आहे. मधला बदल घ्यायचा, तिथे दोष आहे का ते बघायचं, आणि अर्धा ढीग बाजूला टाकायचा. पुन्हा उरलेल्याचा मधला. हजार बदलांतून दोषी बदल दहा तपासण्यांत हाती लागतो, कारण दोनाचा दहावा घात १०२४. अडचण अशी की दर खेपेला त्या टप्प्यावरचा प्रोग्राम कोडपासून बांधावा लागतो, आणि लिबरऑफिससारखा अवाढव्य प्रोग्राम साध्या मशीनवर बांधायला तासन्‌तास जातात. म्हणून त्यांनी ‘बिबिसेक्ट’ तयार केलं. आधीच बांधून ठेवलेल्या आवृत्त्यांचं भांडार. स्वयंसेवकाने ते उतरवून घ्यायचं, प्रत्येक टप्प्यावर प्रोग्राम उघडून ‘दोष आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं. शेवटी हातात एखादा विशिष्ट बदल किंवा मोजक्या बदलांचा संच येतो.

यातून काय घडतं ते लक्षात घ्या. ज्याला कोड वाचता येत नाही असा माणूस डेव्हलपरला जाऊन सांगतो, हा दोष इथे शिरला. डेव्हलपरची शोधाशोध वाचते. आणि सांगणाऱ्याला प्रथमच वाटतं की आपण तक्रार घेऊन दारात उभे नाही, आत बसून काम करतोय. आवाहनांची दहा पत्रकं लिहिण्यापेक्षा एखाद्या जाणत्या डेव्हलपरने एक आठवडा असं हत्यार घडवण्यात घालवावा.

भीतीचंही बघायला हवं. बीटा वापरायला माणसं कचरतात त्यात आळस थोडा आणि ‘माझ्या फायलींचं काय होईल’ ही धास्ती जास्त असते. ती योग्यच आहे. चाचणीची आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी, वेगळ्या सेटिंगसह, एकमेकींना धक्का न लावता राहू शकली पाहिजे. फायरफॉक्स ब्राउझरची ‘नाइटली’ ही चाचणीची आवृत्ती अशी स्वतंत्र प्रोफाइल घेऊन राहते. ज्या प्रकल्पात बीटा टाकली की स्थिर आवृत्ती पुसली जाते, तिथे टेस्टर मिळत नाहीत म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

फेडोरा या लिनक्स वितरणात ‘टेस्ट डे’ असतात. एक विषय ठरतो, समजा छपाई किंवा ग्राफिक्स, त्याच्या चाचण्यांच्या पायऱ्या लिहून ठेवलेल्या असतात, आणि त्या विषयावर काम करणारे डेव्हलपर दिवसभर चॅटवर हजर राहतात. एका दिवसात किती बग सापडतात हा माझ्या मते दुय्यम भाग. ज्याच्या कोडची आपण चाचणी करतोय तो माणूस समोर असतो, त्याला शंका विचारता येते, हे महत्त्वाचं.

आता जिथे बहुतेक प्रकल्प अडखळतात त्या विषयाकडे येतो. अधिकार. टेस्टरच्या म्हणण्याने रिलीज थांबू शकतं का? थांबू शकत नसेल तर बाकी सगळं सजावट आहे. स्वयंसेवकाला हे लगेच कळतं. त्याने मोठा दोष दाखवला, सगळ्यांनी मान डोलावली आणि ठरल्या तारखेला तीच आवृत्ती बाहेर पडली, तर पुढच्या खेपेला तो कशाला येईल?

फेडोरात नव्या अपडेटला टेस्टर अधिक किंवा उणे गुण देतात आणि पुरेसे उणे पडले की ते अपडेट अडतं. रिलीजसाठी कोणत्या गोष्टी चालल्याच पाहिजेत याचे निकष आधीच लिहिलेले असतात. त्यातला एखादा निकष मोडतोय असं दिसलं तर कुणीही तो दोष ‘ब्लॉकर’ म्हणून सुचवू शकतो. त्यावर खुली चर्चा होते, आणि ब्लॉकर ठरलेला दोष वेळेत दुरुस्त झाला नाही तर तारीख पुढे जाते. फेडोरा १८ नोव्हेंबर २०१२ मध्ये यायचं होतं, नव्याने लिहिलेल्या इन्स्टॉलरचं काम रेंगाळलं आणि ते जानेवारी २०१३ मध्ये आलं. तेव्हा या विलंबावर बरीच टीका झाली. मला तो विलंब त्या समुदायाच्या बाजूची साक्ष वाटतो. तारखेपेक्षा निकष मोठा ठरवला गेला आणि हे सगळ्यांसमोर घडलं.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, वेगळ्या वाटेने हेच साधलं आहे. आधी चालणारं काही नव्या कर्नलमुळे मोडलं तर दोष कर्नलचा, हा तिथला पक्का नियम. ‘तुम्ही चुकीच्या पद्धतीने वापरत होता’ हे उत्तर चालत नाही. या एका नियमाने सामान्य टेस्टरच्या शब्दाला वजन येतं. त्याला योग्य-अयोग्य सिद्ध करत बसावं लागत नाही. काल चालत होतं, आज चालत नाही, एवढं दाखवलं की पुरे.

यंत्रांच्या बाबतीत एक गैरसमज आहे. हल्ली प्रत्येक बदलावर हजारो स्वयंचलित चाचण्या धावतात, मग माणसं कशाला, असं विचारलं जातं. स्वयंचलित चाचण्या हव्यातच. पोस्टग्रेस्क्यूएलचा कोड आपोआप बांधून तपासणारं ‘बिल्ड फार्म’ तर स्वयंसेवकांनी दिलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या मशीनवर चालतं. कोड लिहिण्याइतकंच आपलं जुनं मशीन चालू ठेवणं हेही तिथे योगदान आहे, आणि ही कल्पना मला फार आवडते. पण चाचणी लिहिणाऱ्याला जे सुचलं तेवढंच यंत्र विचारतं. एक्सझेडमधल्या चोरवाटेचा मजकूर कुठे लपवला होता? चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींमध्ये. ती चोरवाट स्वयंचलित चाचण्यांनी पकडली नाही, फ्रॉइंड यांना काहीतरी खटकलं म्हणून ती सापडली.

लिपीचं उदाहरण तर रोजचं आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र पडद्यावर वेगळा उमटायला हवा. साठवलेली अक्षरं बरोबर असली की यंत्राच्या लेखी काम झालं. फॉन्टने घात केला तर तो फक्त वाचणाऱ्या डोळ्याला दिसतो. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्या, पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेली माणसं, कुणाकडे तरी असलेला पंधरा वर्षांचा प्रिंटर, ही विविधता कुठल्याही कंपनीला विकत घेऊन उभी करता येत नाही. ती लोकांच्या घरी आधीपासून असते. ती प्रकल्पापर्यंत यावी एवढीच सोय लावायची असते.

बक्षिसांबद्दल मी साशंक आहे. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात मुक्त स्रोत प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. लोकांनी एखादा शब्द घुसडून निरर्थक बदलांचा पाऊस पाडला, मेंटेनर वैतागले, आणि आयोजकांना ऑक्टोबर संपायच्या आतच नियम बदलून प्रकल्पांची संमती आवश्यक करावी लागली. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या ‘कर्ल’ या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगत आले आहेत की भाषिक मॉडेलकडून लिहून घेतलेले, दिसायला देखणे आणि आतून पोकळ असे सुरक्षेचे रिपोर्ट त्यांचा वेळ खातात. त्या रिपोर्टमागे बक्षिसाच्या रकमेची आशाही असायची. मोजणी नगाची असली की लोक नग पाठवतात. चाचणीत तर हे जास्तच घातक, कारण खोटा रिपोर्ट खोटा आहे हे कळायलाच दोन तास लागतात.

श्रेय मात्र उघडपणे आणि नावानिशी द्यावं. कर्नलच्या प्रत्येक दुरुस्तीसोबत कुणी कळवलं आणि कुणी तपासून पाहिलं, हे ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा ओळींत नोंदवण्याची पद्धत आहे. कोडच्या इतिहासात ती ओळ कायमची राहते. ती मिळवायला खरोखर तपासावं लागतं, आणि कोड लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी तपासणाऱ्याचं नाव बसतं. टी-शर्टपेक्षा मला ती ओळ मोलाची वाटते, आणि ती द्यायला प्रकल्पाला खर्चही नाही.

नकाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण प्रत्येक रिपोर्टवर काम होणं शक्यच नाही. ‘हे आम्ही बदलणार नाही, कारण अमुक’ असं स्पष्ट सांगून बंद केलेल्या रिपोर्टने माणूस सहसा तुटत नाही. क्वचित वाद घालतो, पण थांबतो. तुटतो तो शांततेने, आणि त्याहून जास्त त्या यांत्रिक संदेशाने. ठरावीक दिवस हालचाल नाही म्हणून रिपोर्ट बंद करणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, आज सर्रास लावले जातात. ढीग लहान दिसतो, दोष होता तिथेच राहतो. जुने रिपोर्ट मार्गी लावायचेच असतील तर ‘नव्या आवृत्तीत अजून होतंय का?’ असं विचारावं, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा, आणि ज्या रिपोर्टला प्रकल्पाकडून एकदाही माणसाचं उत्तर गेलेलं नाही तो बॉटच्या हाती देऊच नये.

प्रत्येक रिलीजच्या टिपणात नव्या सोयींची आणि दुरुस्त केलेल्या बगांची यादी असते. तिच्याखाली आणखी दोन आकडे छापायला प्रकल्पांनी सुरुवात करावी, अशी माझी मागणी आहे. या काळात प्रथमच रिपोर्ट करणारे किती जण होते, आणि त्यांच्यापैकी किती जणांना महिनाभरात कुणा माणसाने उत्तर दिलं. पहिल्या काही रिलीजना दुसरा आकडा लाजिरवाणा येईल. तरीही छापावा. टेस्टर हवेत असं पुढचं आवाहन तो आकडा बघूनच लिहायला घ्यावं.